टॅव्हर्न टेबल, तांबडा रंग आणि दोन वर्षांचा मुलगा

मॅसॅच्युसेट्समधल्या एका मराठी घरात लिलावातून एक जुनं टॅव्हर्न टेबल आलं. स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात जेवायला वापरायचं, असं ठरवून घेतलेलं. आज ते त्या कोपऱ्यात नाही, पण घरात आहे. मधल्या काळात काय काय ठरलं, काय फिसकटलं आणि कुठे हात आवरला, त्याची ही नोंद. मी या भागात घरसजावटीचं काम करते. टेबल घरी येऊन पडल्यावर मला बोलावणं आलं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि किरकोळ तपशील बदलले आहेत.

## पार्श्वभूमी

बॉस्टनहून वूस्टरकडे जाताना जी उपनगरं लागतात, त्यांतल्या एकात हे कुटुंब राहतं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, बायको औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा, दिसेल त्याला दात लावून बघण्याच्या वयाचा. नवऱ्याची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. घर १९३० च्या दशकातलं, इकडे ज्याला कलोनियल म्हणतात त्या धाटणीचं: मधोमध दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, बैठकीच्या खोलीत शेकोटी आणि खिडक्यांखाली ओतीव लोखंडाचे, खोली तापवणारे रेडिएटर.

या भागात राहायचं म्हणजे जुन्या टॅव्हर्न, म्हणजे प्रवाशांच्या खाण्यापिण्याच्या आणि मुक्कामाच्या जागा, वाटेत येतातच. लेक्सिंग्टनच्या बकमन टॅव्हर्नमध्ये १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे गावची मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांची सशस्त्र तुकडी, इंग्रज फौजेची वाट बघत थांबली होती. सडबरीची वेसाइड इन १७१६ मध्ये सुरू झाली. त्याच्याही आधी, १६५६ मध्ये, मॅसॅच्युसेट्स वसाहतीने कायदाच केला होता की प्रत्येक गावाने प्रवाशांसाठी अशी जागा चालवली पाहिजे, नाही तर गावाला दंड. टॅव्हर्न म्हणजे नुसता गुत्ता नव्हे. तिथे मुक्काम व्हायचा, टपाल यायचं, गावची भांडणं मिटायची, कधी कधी कोर्टही भरायचं. खोली एक आणि कामं दहा असली की टेबल उचलून बाजूला करता यायला हवं.

टॅव्हर्न टेबल ओळखायला फार अभ्यास लागत नाही. चार कातीव पाय, ते जमिनीपासून चार-सहा बोटांवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले. वर फळी, चौकटीच्या बरीच बाहेर आलेली. चौकटीत बहुधा एक खण. न्यू इंग्लंडमध्ये पाय मेपलचे आणि फळी पाइनची, कारण मेपल कातायला चांगलं आणि पाइनच्या रुंद फळ्या मुबलक. खालच्या भागाला तांबडा रंग, फळी मात्र घासून घासून पांढरट झालेली. अशी टेबलं शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांतही होती. टॅव्हर्नचं नाव त्यांना संग्राहकांनी मागाहून चिकटवलं.

नवऱ्याला हे टेबल एका लिलावाच्या ऑनलाइन यादीत दिसलं. अठरावं शतक, न्यू इंग्लंड, मेपल आणि पाइन, जुना तांबडा रंग, एवढंच वर्णन. फोटो सगळे वरून किंवा समोरून काढलेले. बोली ७०० डॉलरवर थांबली, त्यावर लिलावगृहाचं २५ टक्के कमिशन, म्हणजे ८७५. तीस वर्षांपूर्वी असं टेबल या भावात हाती लागलं नसतं. जुन्या लाकडी फर्निचरचे भाव इकडे गेली वीसेक वर्षं उतरलेले आहेत. ज्यांनी हौसेने जमवलं ती पिढी आता छोट्या घरांत जाते आहे आणि त्यांच्या मुलांना ते नको आहे. आपल्यासारख्यांना एरवी परवडलं नसतं ते यामुळे परवडतं, हे मात्र खरं.

## अडचण

सगळ्यात आधी कळलं ते हे, की या टेबलाशी बसता येत नाही.

उंची सव्वासव्वीस इंच. आजचं जेवणाचं टेबल तीस इंचांच्या आसपास असतं, तेव्हा हे बुटकं आहे हे नवऱ्याला माहीत होतं. "खुर्च्या बुटक्या घेऊ" असं तो म्हणाला होता. पण खरी मेख खणात होती. फळीची जाडी आणि खणाची सहा इंची चौकट वजा केली की जमिनीपासून चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत साडेएकोणीस इंचही उरत नाहीत. खुर्चीची बैठक अठरा इंचांवर. राहिलेल्या दीड इंचात मांडी जाणार कशी? सगळे तिरके बसून जेवायला लागले. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ताट उचलून ओट्यावर नेलं.

मग आमटीची वाटी लवंडली. फळीवर पॉलिश असं काही नव्हतं, फक्त जुनं मेण, तेही जागोजागी उडालेलं. हळद लाकडाच्या रेषांमध्ये उतरली. साबण लावून घासल्यावर डाग गेला नाही, पसरला.

ही दोन्ही गैरसोयीची गोष्ट झाली. तिसरी धोक्याची होती. मुलाला टेबलाखालची जागा भलतीच आवडली होती. आडव्या पट्टीवरून तो खेळण्यातल्या गाड्या चालवायचा, पायाच्या कातीव गोट्यांना दात लावायचा. पट्ट्यांखाली फरशीवर तांबड्या रंगाचे बारीक पोपडे पडायचे, ते रोज झाडताना सासूबाईंच्या लक्षात आले.

नवऱ्याकडे उपाय तयार होता. यंत्राचा सँडर आणायचा, डाग आणि रंग दोन्ही एका झटक्यात घासून काढायचे आणि वर पॉलियुरेथेनच्या व्हार्निशचे तीन हात मारायचे. सँडर गॅरेजमध्ये येऊन पडलाही. तेव्हा बायकोने विचारलं, "त्या रंगात काय आहे, बघितलंस का?" नवऱ्याकडे उत्तर नव्हतं. सँडर खोक्यातच राहिला आणि मला फोन आला.

प्रश्न बरोबर होता. जुना तांबडा रंग मुळात गेरूच्या जातीचा, लोखंडाच्या ऑक्साइडचा. त्यात विषारी काही नाही. पण जवसाच्या तेलात कालवलेल्या त्या काळच्या रंगांत शिशाचा सफेदा मिसळायची आणि रंग लवकर वाळावा म्हणून शिशाची संयुगं घालायची रीत होती. शिवाय दोनशे वर्षांत वरून किती हात बसले असतील ते कुणी सांगावं? घरगुती रंगातलं शिसं अमेरिकेत १९७८ मध्ये बंद झालं. त्याआधीचा कुठलाही रंग तपासल्याशिवाय घासायचा नाही, कारण घासल्यावर उडणारी धूळ ही पोपड्यांपेक्षा कितीतरी वाईट. ती गालिच्यात बसते, हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते.

## तपासणी

दुकानात मिळणारी काडी त्यांनी आधी वापरून बघितली. शिसं असेल तर तिचा बोळा गुलाबी-लाल होतो. तांबड्या रंगावर तो घासला, तर तो लाल होणारच. मग तो शिशाने झाला की रंगाने? अशा जागी या काड्यांचा उपयोग नाही.

सुदैवाने घराची तपासणी व्हायचीच होती. मॅसॅच्युसेट्सचा कायदा सांगतो की १९७८ च्या आधीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाच्या रंगाचा धोका काढायला किंवा झाकायला हवा. खिडक्यांच्या चौकटी बघायला परवानाधारक तपासनीस आले होते. ही सक्ती घराच्या रंगासाठी आहे, फर्निचरसाठी नाही, पण क्ष-किरणांचं ते हातातलं यंत्र टेबलाला लावायला काही सेकंद लागतात आणि लाकडाला ओरखडाही येत नाही. पाय, पट्ट्या, खणाचं तोंड: सगळीकडे शिसं निघालं. वरच्या फळीवर रंगच नव्हता, तिथे काही आलं नाही. त्याच दिवशी टेबल गॅरेजमध्ये गेलं. मुलाच्या रक्ताची तपासणी केली. या वयात इथे ती तशीही करतातच. आकडा काळजीचा नव्हता.

आता टेबल म्हणून टेबल बघायचं राहिलं होतं. त्यासाठी माझ्या ओळखीतले एक जुने दुरुस्तीकार आले. फर्निचर दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. काय दुरुस्त करू नये हे सांगणारे कमी, आणि हे गृहस्थ त्यांतले. त्यांनी आधी टेबल उलटं केलं, गॅरेजचा दिवा घालवला आणि टॉर्च जवळजवळ लाकडाला टेकवून तिरपा धरला.

खण ओढल्यावर त्याच्या तळाखाली बोटं फिरवायला सांगितली. हाताच्या रंध्याने पडलेल्या उथळ पन्हळी बोटांना लागत होत्या. डोळ्यांना त्या सरळ उजेडात दिसत नव्हत्या. खणाच्या कोपऱ्यांना ओबडधोबड, मोठाले डव्हटेल, म्हणजे पक्ष्याच्या शेपटीच्या आकाराचे एकमेकांत अडकणारे जोड. चौकट आणि पाय यांचे जोड एका लाकडात भोक आणि दुसऱ्यात जीभ घालून केलेले, वर आरपार लाकडी खुंटी. खुंट्यांची टोकं पृष्ठभागाच्या किंचित बाहेर आली होती. लाकूड आडव्या अंगाने आटतं, खुंटी तिच्या लांबीत आटत नाही, म्हणून शंभर-दोनशे वर्षांत ती अशी डोकं वर काढते. पायाच्या कातीव गोट्याला कॅलिपर लावलं, तर एका बाजूने मोजल्यावर एक माप आणि काटकोनात फिरवल्यावर थोडं कमी. लेथवर गोल कातलेला पाय काळाने लंबगोल झालेला. समोरच्या पट्टीची वरची कड मधोमध झिजलेली, बूट टेकून टेकून. मागच्या पट्टीला तशी झीज नाही. नकली झीज करणारा माणूस चारही पट्ट्या सारख्याच झिजवतो, असं ते म्हणाले.

म्हणजे खालचा भाग अस्सल, अठराव्या शतकातला. नवरा खुश झाला. मग टॉर्च वरच्या फळीच्या पोटाकडे वळला.

तिथे रंध्याच्या पन्हळी नव्हत्या. लाकडावर अर्धगोल रेषा होत्या, एकाच मापाच्या, एकामागे एक. गोल पात्याच्या करवतीच्या खुणा त्या. अठराव्या शतकातली करवत वर-खाली चाले, तिच्या रेषा सरळ पडतात. गोल करवत इकडच्या गिरण्यांमध्ये रुळली ती एकोणिसाव्या शतकात. फळीच्या दोन टोकांना आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या, त्यांचे खिळेही लोहाराने ठोकलेले नव्हते, यंत्राने कापलेले होते. चौकटीच्या वरच्या कडेवर जुन्या खिळ्यांची भोकं होती आणि त्यांच्या समोर फळीत काहीच नव्हतं. मूळची फळी कधीतरी गेली आणि एकोणिसाव्या शतकात कुणीतरी ही नवी बसवली.

यात फसवणूक असतेच असं नाही. फळी फुटली, बदलली, संपलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला पुढच्या लिलावाची काय पडली होती? उलट, या भागात सरसकट नवी केलेली टेबलंही जुनी म्हणून फिरतात. वॉलेस नटिंग हे पाद्री, छायाचित्रकार आणि मोठे संग्राहक. १९२० च्या दशकात इथेच, फ्रेमिंगहॅमच्या आसपास, वसाहतकाळच्या फर्निचरच्या प्रतिकृती ते बनवत आणि त्यांवर आपल्या नावाची खूण डागत. ती खूण खरवडून काढली की शंभर वर्षांची प्रतिकृती सहज अडीचशे वर्षांची होते. त्यांचा स्वतःचा अस्सल संग्रह हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियममध्ये आहे. टेबल घेण्याआधी एक दिवस तिथे घालवला असता तर पैसे वसूल झाले असते.

## पर्याय

पहिला वाद लिलावगृहाशी भांडायचं की नाही, हा. यादीत "अठरावं शतक" लिहून फळीबद्दल मौन पाळलं, हे पटण्यासारखं नाहीच. पण अटींमध्ये माल आहे तसा, असं स्पष्ट होतं. नवऱ्याने पत्र पाठवलं. उत्तर आलं की हवं तर पुढच्या लिलावात पुन्हा ठेवू, कमिशन वेगळं. मी सांगितलं, भांडण करा पण त्यासाठी बाकीचे निर्णय थांबवू नका. त्यांनी ते सोडून दिलं.

दुसरा पर्याय रंग पूर्ण काढण्याचा. सँडरचा विषय संपलेला, पण रसायनाने ओला करून, तज्ज्ञाकडून रंग काढून घेता येतो. मग शिसं गेलं, टेबल स्वयंपाकघरात राहू शकतं. याच्या बाजूने बरंच बोलता येतं आणि बायको सुरुवातीला याच मताची होती. विरोधात दोन गोष्टी. जुन्या टेबलाची किंमत करणारे आधी रंग बघतात. तो काढला की खालचा अठराव्या शतकातला सांगाडा नुसतं जुनं लाकूड उरतो आणि गेलेला रंग परत आणता येत नाही. दुसरं असं, की एवढं करूनही मांडी टेबलाखाली जाणार नव्हतीच. ज्या कामासाठी रंगाचा बळी द्यायचा, ते काम तरीही होणार नव्हतं. हे कागदावर मापं काढून दाखवल्यावर तो पर्याय आपोआप मागे पडला.

एका मित्राने पाय उंच करायला सांगितले: प्रत्येक पायाखाली तीन-चार इंचांचे ठोकळे जोडायचे. मूळ पाय झिजून इंचभर तरी कमी झाले आहेत, तेव्हा "मूळ उंची परत देतो" असं म्हणायला सोय होती. पण इंचभराने काम भागत नव्हतं आणि चार इंचांनी टेबलाचा तोल बिघडत होता. जमिनीलगतच्या पट्ट्या अधांतरी आल्या असत्या. दुसऱ्या एका सल्ल्यानुसार खण काढून टाकून पुढची चौकट कमानीसारखी कापायची होती. दुरुस्तीकारांनी तो ऐकला आणि चहा मागितला.

विकून टाकावं का? त्यात तोटा ठरलेला, पण मूल लहान असताना शिशाचं टेबल घरात नको हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. मी स्वतः याच्या बऱ्याच जवळ होते.

वळण लागलं ते सासूबाईंच्या बोलण्याने. नवरा त्यांना म्हणत होता, "आई, पण जेवायला टेबल तर हवं ना?" त्या म्हणाल्या, "जेवायला दुसरं आण. आमच्या वाड्यात सोप्यावर असंच एक होतं, त्यावर मामंजींचा पानाचा डबा आणि चष्मा. त्यावर कधी कुणी जेवायला बसलं नाही. याला झेपेल ते काम दे." तोवर आमची सगळ्यांची चर्चा टेबलाचं काय करायचं यावर चालली होती. टेबलाने काय करायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

## निर्णय आणि काम

ठरलं ते असं. जेवणाला वेगळं टेबल. हे टेबल वरच्या मजल्यावरच्या अभ्यासाच्या खोलीत, जिचं दार बंद राहतं आणि कडी मुलाच्या हाताच्या वर आहे. आणि दुरुस्ती तेवढीच, जेवढी नंतर कुणालाही उलटवता येईल.

जेवणासाठी गार्डनरच्या बाजूला बनलेलं १९५० च्या दशकातलं मेपलचं टेबल जुन्या बाजारातून घेतलं. गार्डनर हे इथलं खुर्च्यांचं शहर. तिथल्या कारखान्यांचा माल अजून स्वस्तात मिळतो. उंची तीस इंचांच्या जवळपास, वर टणक पॉलिश, आमटी सांडली तर फडक्याने पुसायची.

टॅव्हर्न टेबलावर दुरुस्तीकारांनी केलेलं काम बघून नवऱ्याला पहिल्यांदा वाटलं की काही केलंच नाही. सुटे पोपडे बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढून घेतले. जिथे रंग उचलला गेला होता, तिथे पातळ ॲक्रिलिक रेझिन ब्रशच्या टोकाने आत सोडून तो परत बसवला. हे रेझिन पुढे द्रावकाने काढता येतं. वर मेणाचा हात. यामुळे पोपडे पडायचे थांबतात, शिसं नाहीसं होत नाही, हे त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं. मुलाने दात लावला तर मेण त्याला अडवणार नाही. म्हणून दाराची कडी हाच खरा उपाय, रेझिन दुय्यम.

मागचा एक पाय बाकीच्यांपेक्षा आखूड होता, टेबल डुगडुगायचं. त्याला मेपलचा तुकडा जोडला, तोही प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या सरसाने, जो ऊब आणि ओलावा दिला की सुटतो. बाकीचे तीन पाय जसे झिजले होते तसे ठेवले.

फळीला मधोमध भेग होती. नवऱ्याला ती भरून हवी होती. दुरुस्तीकारांनी नकार दिला. इकडच्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की सत्तावीस इंच रुंद पाइनची फळी उन्हाळ्याच्या मानाने पाव इंचापर्यंत आटू शकते. टोकांच्या आडव्या पट्ट्या तिला आटू देत नाहीत, म्हणून ती फाटते. भेगेत पुट्टी भरली की उन्हाळ्यात फळी फुगताना तिला जागा राहत नाही आणि पुढची भेग दुसरीकडे पडते. त्यांनी टोकांकडचे खिळे किंचित सैल केले आणि भेग तशीच ठेवली. फळी एकोणिसाव्या शतकातली निघाली याचा इथे फायदा झाला. मूळची असती तर त्यांनी खिळ्यांना हात लावला नसता.

हळदीच्या डागाचं काय? त्याला काही लावलं नाही. हळदीचा पिवळेपणा उन्हात टिकत नाही, हे पदराला डाग पाडून घेतलेल्या प्रत्येकीला माहीत असतं. टेबल काही आठवडे दक्षिणेच्या खिडकीशी ठेवलं. डाग ओळखू येईल न येईल इतका उरला. मग मात्र ते खिडकीपासून हलवलं, कारण तेच ऊन तांबड्या रंगातल्या तेलालाही कमकुवत करतं.

आता सजावट, जी माझी बाजू. नवऱ्याच्या डोक्यात कथलाचे पेले, मेणबत्त्यांचे दिवे, विणलेली गोल चटई असं सगळं होतं. मी ते नको म्हटलं. टॅव्हर्न टेबलावर कथलाचे पेले मांडायची ही तऱ्हा वसाहतकाळाची नाही. ती १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनानंतर जुन्या काळाची जी आवड सुरू झाली आणि १९२० च्या दशकात शिगेला पोचली, तिची आहे. त्यांचं घरसुद्धा त्याच लाटेतलं. घर नकलेचं, टेबल अस्सल. त्यावर पुन्हा नकलेचे पेले ठेवले की टेबलही नकली वाटायला लागतं. त्यापेक्षा पांढरटसर भिंत, टेबलाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आणि खाली उघडी लाकडी जमीन. जाड गालिचा मुद्दाम टाळला, कारण तो जमिनीलगतच्या पट्ट्यांना खालून गिळतो आणि टेबल आणखी बुटकं दिसतं. वर उभट दिवा एकच. टेबल बुटकं असल्यामुळे नेहमीच्या उंचीचा दिवा ठेवला तर उजेड छातीवर पडतो. रेडिएटर समोरच्या भिंतीला, टेबल त्याच्यापासून लांब. हिवाळ्यात खोलीत ह्युमिडिफायर आणि भिंतीवर आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ. काटा चाळीसच्या आसपास ठेवायचा.

बसण्यासाठी चौदा इंची स्टूल. अठरा इंचांच्या खुर्चीवर जी मांडी अडत होती, ती या स्टुलावर आत जाते. सासूबाई मुक्काम संपेपर्यंत दुपारी त्यावर बसून शब्दकोडी सोडवत. त्यांना पाटावर बसायची सवय, त्यामुळे इतकं खाली बसावं लागतं याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. नवऱ्याची पाठ मात्र तासाभरात बोलते.

## परिणाम

भाद्रपदात एक पेच आला. बायकोला दीड दिवसाचा गणपती याच टेबलावर बसवायचा होता. उंची आरतीला बरोबर, खण निरांजनाच्या वाती ठेवायला सोयीचा. माझं मत विरुद्ध होतं. तेल, पाणी, पंचामृत, कुंकू यांतलं एकही उघड्या पाइनला मानवत नाही आणि टेबल खाली आणायचं म्हणजे मुलाच्या तावडीत द्यायचं. त्यांनी तोडगा काढला. फळीपेक्षा इंचभर मोठी प्लायवूड, तिच्या खाली नमदा, वर चारही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेलं जाड कापड, आतून पट्ट्यांना बांधलेलं. समई टेबलावर नाही, खाली ताटात. विसर्जन झालं की टेबल लगेच वर. काच टाकायचा विचारही झाला होता, पण काचेखाली ओल अडकते, म्हणून सोडला. उत्सव निर्विघ्न झाला. तरीही मी पुढच्या वर्षी चौरंगच सुचवेन.

पहिल्या हिवाळ्यात भेग थोडी रुंदावली, मे महिन्यात पुन्हा मिटली. पोपडे पडलेले नाहीत. मुलाची पुढची रक्ततपासणीही ठीक आली.

खर्चाचा हिशेब सरळ आहे आणि तो सुखाचा नाही. लिलावाचे ८७५, आणायचे १४०, दुरुस्तीचे ६२०: सगळे मिळून १,६३५ डॉलर. फळी बदललेलं टेबल आज विकायला काढलं तर यातले निम्मेही परत येणार नाहीत.

## वेगळं काय करता आलं असतं

घेण्याआधी तीन फोटो मागवायला हवे होते: उलटं केलेलं टेबल, बाहेर काढलेला खण, आणि फळी-चौकट जिथे भेटतात तो भाग. लिलावगृहं मागितले तर पाठवतात. गोल करवतीच्या रेषा फोटोतही दिसल्या असत्या आणि बोली ७०० ऐवजी कदाचित ४०० वर थांबवता आली असती. मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये ब्रिमफील्डला रस्त्याच्या दुतर्फा जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. पहिलं टेबल अशा ठिकाणी, स्वतः वाकून, खालून बघून घेतलेलं बरं.

उंची सगळे विचारतात. चौकटीखाली किती जागा आहे, हे कुणी विचारत नाही. जेवायला किंवा लिहायला टेबल हवं असेल तर आधी तेच माप घ्यावं. पंचवीस इंचांच्या आसपास मिळत नसेल तर नेहमीच्या खुर्चीवर बसून ते टेबल वापरता येणार नाही, मग ते कितीही देखणं असो.

शिशाची तपासणी टेबल घरात यायच्या आधी, गॅरेजमध्येच व्हायला हवी होती. पोपडे पडत होते ते दिवस टळले असते. लहान मूल असलेल्या घराला मी आता रंगवलेलं जुनं फर्निचर सुचवतच नाही. मेण किंवा शेलॅक (लाखेचं पॉलिश) केलेलं अक्रोड किंवा चेरीचं टेबल, पेन्सिल्व्हेनियाकडचं, मिळतं. त्याची शान निराळी आहे, पण चावलं तरी फक्त लाकूडच तोंडात जातं.

एका गोष्टीवर दुरुस्तीकारांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. मागच्या पायाला जोडलेला तुकडा त्यांनी रंगवून जुन्यासारखा केला. काम इतकं सफाईचं आहे की पुढच्या माणसाला तो मूळचाच वाटेल. मला तो साध्या मेपलचाच, ओळखू येईल असा, ठेवलेला आवडला असता. फळीच्या बाबतीत आपण लिलावगृहावर जो आक्षेप घेतला, तेच आपण पायाच्या बाबतीत का करावं? ते म्हणतात, तुकडा मागे आहे, कुणी बघत नाही. शेवटी बायकोने सगळ्या कामाची यादी लिहिली: फळी कोणत्या काळातली, कोणतं रेझिन, कोणता सरस, कोणता पाय जोडलेला, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत, रंगात शिसं आहे. एक प्रत खणात ठेवली, दुसरी घराच्या विम्याच्या कागदांत. विम्यात टेबलाची किंमत ८७५ न धरता दुरुस्तीकारांनी लिहून दिलेली, म्हणजे त्याहून कमी, धरली आहे. नवऱ्याला ते अजून रुचलेलं नाही.